आखडलेल्या अंगठ्यासाठी आर्वीत करून घेतलेली चप्पल

पायाच्या अंगठ्याचा सांधा आखडला असेल आणि चालताना दुखत असेल, तर ऑनलाइन महागडे बूट मागवण्याआधी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारात चपला करणाऱ्या काकाजींकडे जाऊन या. त्यांच्याकडून करून घेतलेली चप्पल मी पावसाळ्यात, कापसाच्या वेचणीत आणि उन्हाळ्यातही वापरली, म्हणून आता खात्रीने लिहिते. पाचपैकी चार गुण. एक गुण कुठे कापला ते पुढे येईलच.

दुकानाला पाटी नाही. टिनाचं शेड, पुढे लाकडी बाक, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले लाकडी साचे आणि कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग. चप्पल दुरुस्तीचं दुकान समजून लोक पुढे निघून जातात. काकाजी मात्र गिऱ्हाईक बाकावर बसायच्या आधीच त्याची चाल बघून घेतात.

आधी दुखणं काय आहे ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय कोणती चप्पल घ्यायची हे कळत नाही. अंगठ्याचं हाड तळपायाच्या लांब हाडाला जिथे मिळतं, तिथला हा सांधा. चालताना टाच उचलली की भार पंजावर येतो आणि शेवटचा रेटा अंगठा देतो. तेव्हा अंगठा जमिनीवर टेकलेला असतो आणि बाकीचा पाय त्याच्यावरून पुढे जातो, म्हणजे सांधा वरच्या बाजूला वाकलाच पाहिजे. निरोगी सांधा ६० अंशांच्याही पुढे वाकतो. सपाट रस्त्यावर साधं चालायलाच ४०-४५ अंश लागतात. चढावर, पायरीवर आणि उकिडवं बसताना त्याहून जास्त. अंगठा वाकला की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात असलेला जाड पट्टा ताणला जातो, पायाची कमान वर उचलली जाते आणि पाऊल घट्ट होतं. म्हणून तर पुढे ढकलता येतं. सांधा वाकला नाही तर पाऊल ढिलं राहतं आणि ते ओझं पोटरी, गुडघा आणि कंबर यांच्यावर जातं.

माझ्या उजव्या पायाचं हेच झालं होतं. सांध्यातली कूर्चा झिजली आणि वरच्या बाजूने हाडाची कड वाढली. अंगठा वर वाकायला गेला की ती कडच आडवी येते. खाली मात्र तो बऱ्यापैकी वाकतो, त्यामुळे घरी बसून बोटं हलवून पाहिली तर सगळं ठीक वाटतं. दुखायचं ते चालताना, पाऊल उचलायच्या शेवटच्या क्षणी. बसल्या जागी नाही. वरची कड चपलेच्या पट्ट्याला घासून लाल व्हायची ते वेगळंच.

आमची चार एकर आहे, कापूस आणि त्यात तूर. या दुखण्यात वावरातलं कोणतं काम आधी सुटतं, हे कोणी कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहिते. सगळ्यात आधी निंदण सुटतं. उकिडवं बसून, टाचा उचलून पुढे सरकायचं म्हणजे अंगठा पूर्ण मोडायला लागतो, आणि तिथेच कळ निघते. मग धुरा, म्हणजे वावराचा बांध, चढणं. मग डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन ढेकळांतून चालणं. वेचणी त्यामानाने उभ्याने होते, पण वेचलेला कापूस टाकायची कमरेची ओटी भरत गेली की वजन पुढे येतं आणि पंजावर भार वाढतो. संध्याकाळी बाया म्हणायच्या, "वहिनी, पाय असा बाहेर टाकून काहून चालता?" मला ते जाणवतही नव्हतं. अंगठ्यावर भार येऊ नये म्हणून पाऊल आपोआप बाहेर वळतं, करंगळीच्या कडेने पडतं आणि पावलाचं अंतर कमी होतं. करंगळीच्या मागे आणि अंगठ्याच्या पेराखाली घट्टे पडतात. पुढे कंबर दुखायला लागते आणि माणूस कंबरेचं औषध घेत बसतो.

आमच्याकडे अशा दुखण्याला सरसकट वात म्हणतात. युरिक ॲसिडनेही हाच सांधा धरतो, हे खरं आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी. ते एका रात्रीत येतं, सांधा लाल आणि गरम होतो, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, आणि काही दिवसांत उतरतं. आखडणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. माझं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट बुजत आलेली आणि वरची कड स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी नीट समजावलं: मलम आणि गोळ्यांनी दुखणं दबतं, सांधा मोकळा होत नाही. कड फार वाढली तर ती तासून काढायची शस्त्रक्रिया असते. सांधा पारच झिजला तर तो कायमचा जोडून टाकतात, आणि जोडल्यावरही माणूस चांगला चालतो. पण त्याआधी चप्पल बदलून पाहा, असं ते म्हणाले. कशी चप्पल, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं: तळ कडक, पुढून वर उचललेला, पंजाला रुंद.

हे वाक्य घेऊन मी तालुक्याच्या एका मोठ्या चपलांच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने जाड फोमची, दोन बोटांनी दुमडेल अशी सँडल काढून दिली. "डॉक्टर चप्पल आहे, काकू, एकदम मऊ." मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाला, दुखऱ्या पायाला कडक चप्पल कोणी देतं का? त्याच्या बोलण्यावर गावातली निम्मी माणसं विश्वास ठेवतील, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडते. मऊ तळ हाताला आणि टाचेला बरा वाटतो. पण मऊ तळ वाकतो, आणि तो नेमका आखडलेल्या सांध्याखालीच वाकतो. म्हणजे जे वाकणं टाळायचं, तेच प्रत्येक पावलाला घडतं. हवाई चप्पल त्याहून वाईट. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात. अंगठ्याची कडी असलेल्या चपलेतही अंगठ्याचीच ओढाताण होते.

काकाजींकडे मला आमच्या बचत गटातल्या एका बाईने पाठवलं. तिच्या सासऱ्यांना शुगर आहे, त्यांची चप्पल तिथून होते.

पहिल्यांदा गेले तेव्हा काकाजींनी माझी पायातली जुनी चप्पल मागितली. उलटी करून उजेडात धरली, अंगठ्याने कड दाबून पाहिली. डावीचा तळ सारखा झिजलेला होता. उजवीचा बाहेरच्या कडेने पार खालपर्यंत गेलेला, आणि अंगठ्याखालची नक्षी अजून नव्यासारखी. एक्स-रे मी पिशवीतून काढायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, उजवा अंगठा जमिनीले टेकूनच नाही राहिला तुमचा. कितीक वर्षं झाले?" मग मला उभं राहायला लावलं, अंगठ्याखाली बोट घालून तो वर उचलून पाहिला आणि जिथे अडला तिथे सोडून दिला. जोर केला नाही.

माप उभ्यानेच घेतलं. पुठ्ठ्यावर कागद, त्यावर दोन्ही पाय, भार देऊन. बसून घेतलेल्या मापात पंजा अरुंद येतो आणि मग चप्पल आवळते. पेन्सिल सरळ धरून त्यांनी पावलाची कड उतरवली आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या. त्या दोन खुणा जोडणारी रेघ ओढली आणि तिच्या थोडी मागे, टाचेच्या बाजूला, दुसरी रेघ. चपलेचा तळ वर उचलायला सुरुवात होते ती या दुसऱ्या रेघेपासून. काकाजींच्या मते सगळी कारागिरी या रेघेत आहे. ती पुढे गेली तर अंगठ्यावर ताण येतो, फार मागे गेली तर माणूस पुढे कलल्यासारखा चालतो. मी विचारलं, तळ अजिबात वाकला नाही तर चालणार कशी? ते म्हणाले, "चाक काही वाकत नाही ताई, तरी बंडी चालतेच ना."

तळाचे थर त्यांनी मला दाखवून लावले. पायाला लागतो तो एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, भार पसरवायला. त्याखाली पातळ कडक पत्ती, टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत. त्याखाली घट्ट रबराचा जाड थर, पुढून तासून गोल केलेला. सगळ्यात खाली टायरचा तुकडा. हा शेवटचा थर मी मागून घेतला. नुसत्या एमसीआरमधून बाभळीचा काटा सरळ आत येतो, आणि आमच्या पांदणीत बाभळीशिवाय दुसरं झाड नाही. पट्टे रुंद आणि व्हेल्क्रोचे, हाडाची कड जिथे वर आली आहे ती जागा मोकळी सोडून. मागे टाचेला पट्टा हवाच, म्हणजे बोटांनी चप्पल धरून ठेवावी लागत नाही. दुखणं एकाच पायाला असलं तरी दोन्ही चपलांची उंची सारखी ठेवतात, नाहीतर एक पाय लांब आणि एक आखूड होऊन कंबर धरते.

ही विद्या त्यांना कुठून आली, ते विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. तरुणपणी ते एका कुष्ठधामाच्या चप्पल विभागात कामाला होते. कुष्ठरोगात पाय बधिर होतात, दुखल्याचं कळत नाही, आणि चालताना पंजाखाली जास्त दाब येतो तिथे जखमा होतात. त्यासाठी एमसीआरच्या आणि पुढून गोल तळाच्या चपला वापरात आल्या. तामिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी अशा पायांवर आणि त्यांच्या चपलांवर फार मोठं काम केलं. आपल्या भागात तर या सेवेची परंपराच आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलं, अमरावतीचं तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये, आणि वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन साऱ्या देशाला माहीत आहे. बधिर पायाचा दाब कमी करणारा गोल तळ आखडलेल्या अंगठ्यालाही उपयोगी पडतो, कारण दोन्हीकडे काम एकच: पंजा न वाकवता पाऊल पुढे न्यायचं.

गावात एका बाईने मला चारचौघींत विचारलं, "हे तं महारोग्याची चप्पल होय ना?" होय, त्यांच्यासाठीच ती आधी झाली. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट त्या माणसांचे आणि त्यांची सेवा करणाऱ्यांचे उपकार वाटतात. पण या एका बोलण्याच्या भीतीने कितीतरी जण, विशेषतः शुगरचे पेशंट, अशी चप्पल घालत नाहीत आणि पायाची जखम वाढवून बसतात, हे मी पाहते आहे. त्याचा मला मनापासून त्रास होतो.

आता वापराचं. डांबरी रस्त्यावर आणि घरच्या फरशीवर ही चप्पल उत्तम. टाच टेकते, तळ पुढे लोळतो, पाऊल उचललं जातं आणि अंगठ्याला काही करावंच लागत नाही. घालताच पुढे ढकलल्यासारखं वाटलं, पोटऱ्या भरून आल्या. रोज थोडा थोडा वेळ घालत गेल्यावर ते गेलं. पाऊल पुन्हा सरळ पडू लागलं, करंगळीमागचा घट्टा मऊ झाला. कंबरेचं दुखणं किती चपलेमुळे गेलं आणि किती कशामुळे, ते सांगता येणार नाही, पण संध्याकाळी आता कंबरेला शेक लागत नाही. सांधा मोकळा झालेला नाही, आणि चपलेने तो होणारही नाही. चालताना दुखत नाही, एवढंच हिचं काम आणि ते ती चोख करते.

वावरात मात्र वेगळा हिशेब. वखरलेल्या भुसभुशीत जमिनीत तळ रुतून बसतो, त्यामुळे लोळण्याचा फायदा मिळत नाही. कडकपणाचा मिळतो, अंगठा मुडपत नाही. वेचणीच्या दिवसांत जमीन घट्ट असते तेव्हा फार चांगली चालते. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा तळाला चिकटतो आणि आधीच जड असलेली चप्पल उचलवत नाही. मी हे सांगितल्यावर काकाजींनी गमबुटात टाकायला वेगळी पातळ कडक पट्टी करून दिली, अंगठ्याखाली पुढपर्यंत आलेली. दीडशे रुपये घेतले. ज्यांना पूर्ण चप्पल परवडत नाही किंवा आवडत नाही त्यांनी निदान ही पट्टी घ्यावी. आपल्याच रुंद बुटात ती बसते आणि दुखणं कमी होतं.

निंदणाला ही चप्पल काही करू शकत नाही. कडक तळ घालून टाचा उचलून बसताच येत नाही. मी आता डावा गुडघा जमिनीवर टेकते आणि उजवं पाऊल पुढे सपाट ठेवते, म्हणजे उजवा अंगठा मोडत नाही. चुलीपुढे आणि भाजी निवडताना पिढ्यावर बसते. सासूबाईंना ते आवडलं नव्हतं, आता त्याही पिढंच मागतात.

गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. पहिली, चिकटवण. मे महिन्यात रस्ता तापला की सोल्युशन सुटतं. माझ्या चपलेचा पुढचा थर भर रस्त्यात उघडला आणि मला पाय ओढत घरी यावं लागलं. काकाजींनी फुकट शिवून दिलं, पण ही शिलाई आधीपासूनच असायला हवी. आमच्याकडचा उन्हाळा त्यांना नवा नाही. तुम्ही करून घ्याल तेव्हा पुढची कड शिवूनच मागा. दुसरी गोष्ट वेळेची. आठवड्यात देतो म्हणतात आणि पंधरवडा लावतात. फोन उचलत नाहीत. लांबून येणाऱ्याचं भाडं आणि मजुरी दोन्ही बुडते, हे त्यांनी लक्षात घ्यायला पाहिजे. मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे.

जोडीचे माझ्याकडून सोळाशे रुपये घेतले. पत्ती नको असेल तर कमी. सोळाशे म्हणजे आमच्यासारख्यांना थोडे नाहीत, पण बाजारातली सँडल एका हंगामात फाटते आणि हिचा झिजलेला टायर बदलून मिळतो. त्या हिशेबाने ती महाग नाही.

काही जणांनी मात्र सांभाळून. तोल जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गोल तळ धोक्याचा. उभं राहताना पुढे झोक जाऊ शकतो, ओल्या फरशीवर तर नक्कीच. त्यांना गोलाई कमी ठेवून, काठी हातात घेऊन, आधी घरातच चालवून बघावं. शुगर असलेल्यांनी आणि पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना दाखवूनच चप्पल करावी. अंगठा आखडला की त्यांना अंगठ्याच्या पेराखाली जखम होते आणि ती कळतही नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा, काटा बघायचा, रात्री तळपाय उजेडात बघायचे. आणि सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पायाला मार लागला असेल तर चपलेच्या मागे न लागता आधी दवाखाना.

जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल पायात घालूनच जा, नवी घालून गेलात तर त्यांना झीज वाचता येत नाही. दुपारनंतर जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि त्या मापाची चप्पल मग कधी आवळत नाही. एक्स-रे असेल तर न्या, काकाजी बघतात. तयार झाल्यावर ती घालून दुकानापुढच्या रस्त्यावर दोन्हीकडे चालून दाखवा आणि थोडंही टोचत असेल तर तिथेच तासून घ्या. बाजाराच्या दिवशी जाऊ नका. गर्दीत त्यांना चाल बघायला वेळ मिळत नाही.